यादीत नसलेली वाफ

"त्या पोरीनं नाय केला ते," खुर्चीत बसायच्या आधीच सगुणाबाई म्हणाल्या. "माझ्या मानसाला भाजला, आन् तक्रार माझ्याच नावानं लिवलीय. पाच वाजता अंगठा घ्यायला पोलीस कारखान्यावर येनार. काय लिवलंय ते मला वाचताबी येत नाय."

बदलापूर पूर्वेला पिठाच्या गिरणीच्या वर माधवी गायकरचं ऑफिस होतं. पंधरा वर्षं विम्याच्या दाव्यांची चौकशी करून तिने स्वतःचा खाजगी तपासाचा व्यवसाय सुरू केला होता. लोक खोटं कसं बोलतात, हे तिने या पंधरा वर्षांत पोट भरेल इतकं पाहिलं होतं. तिचा मदतनीस म्हणजे शरदचंद्रकाका. कोर्टात टंकलेखक म्हणून निवृत्त झालेला माणूस. टिपणं सुबक घ्यायचा, संशय मात्र पहिल्या भेटलेल्या माणसावर घेऊन मोकळा व्हायचा.

"सावकाश सांगा," माधवीने पाण्याचा तांब्या पुढे केला. "भाजलं कुणाला?"

सगुणाबाई बारवी धरणाकडच्या पाड्यातल्या. नवरा चंदू उल्हासनगर कॅम्प चारमधल्या जीन्स धुण्याच्या कारखान्यात कामाला. तिथे माणूस उभा राहील एवढे दोन ड्रम होते. दिवसभर त्यांत पँटी धुतल्या जायच्या आणि दुपारी चंदू आत शिरून ड्रम घासायचा. काल, बुधवारी, तो आत असताना अचानक वाफ सुटली. पाठ आणि उजवा पाय भाजला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला ते नशीब.

"मशीन कम्प्युटरवर चालते," सगुणाबाई म्हणाल्या. "तो कम्प्युटरचा कायतरी तेजस्वी नावाच्या पोरीनं लिवलाय. शेठ बोलतो तिचीच चूक. पन चंदू बोलतो, वाफ आली तवा ती पोर ड्रमच्या तोंडाशी उभी व्हती, त्याला ब्रश देत व्हती. तिचा हात तिच्यापाशीच व्हता. तिनं बटन कसा दाबला?"

"चंदू अजून काय म्हणाले?"

"बोलतो, चहाची हाक आली म्हनून वाचलो. कोनीतरी दोनदा वरडला, चंदू चहा आला, बाहेर ये. त्यानं एक पाय बाहेर टाकला आन् वाफ आली. आतच असता तर..." त्यांनी पदराचं टोक दातांत धरलं.

"हाक कुणी मारली?"

"ड्रमात सगलेच आवाज घुमतात ताई. बाई का बुवा, तेबी कललं नाय त्याला. पंख्याच्या घरघरीत त्या पोरीलाबी नाय कललं."

घड्याळात पावणेदोन झाले होते. माधवी उठली. पाचच्या आत काही सापडलं नाही, तर एका अडाणी बाईच्या अंगठ्याने एक निरपराध पोरगी अडकणार होती, आणि त्या बाईला ते आयुष्यभर सलणार होतं.

सगुणाबाईंना बरोबर घेऊन ते निघाले. रिक्षात शरदचंद्रकाकांची आपल्या बटणांच्या फोनशी झटापट चालली होती.

"बघ हा चावटपणा. मुलीला, सुरुचीला एवढंच लिहिलं, आज उशीर होईल, जेवायला थांबू नकोस, औषध मी बरोबर घेतलंय, चावी शेजारच्या ताईंकडे ठेव. तर म्हणतो दोन मेसेज जाणार. जावई इंग्रजीत याच्या दुप्पट खरडतो, ते एकातच जातं."

"मराठी महाग आहे काका," माधवी हसली आणि बाहेर बघू लागली.

कारखान्याच्या फाटकात मालक धर्मेश उभा होता. पन्नाशीचा, कपाळावर घाम, हातात दोन फोन.

"मॅडम, मी काय बोलू? चंदू आपला घरचा माणूस आहे. लेकिन मशीन तर त्या मुलीच्या प्रोग्रॅमवर चालते ना. उद्या शुक्रवार, सुट्टी. आज माल गेला नाही तर पार्टी तुटेल. एक नंबरचा ड्रम बंद ठेवलाय, दोन नंबर चालू आहे."

"म्हणजे आज दुपारी दोन नंबरची सफाई होणार?"

"रोजच होते, तीन पन्नासला. यादी तीच आहे."

माधवीच्या कपाळावर आठी पडली. "काल काय झालं ते कळल्याशिवाय आज त्याच यादीवर दुसरा माणूस आत पाठवणार?"

"यादीत काही नाहीये मॅडम. आम्ही दहा वेळा बघितली." धर्मेशचा आवाज उतरला. "आणि खरं सांगतो, दाराच्या स्विचला तार बांधलीय. दार उघडं असलं की मशीन काहीच चालू करत नव्हतं, पंखापण नाही. आत गुदमरायला व्हायचं. मीच सांगितलं तार बांधा. ही चूक माझी आहे."

"ही पोलिसांना सांगितलीत?"

धर्मेश हातातल्या फोनकडे बघू लागला.

"या आठवड्यात तुम्ही रोज इथे होता?"

"मंगळवारी सुरतला होतो. बुधवारी सकाळी आलो. वाफ सुटली तेव्हा मी कॅम्प दोनच्या मार्केटात, फोन आला तसा धावलो."

शेडमध्ये ओलसर गरम हवा होती. पहिल्या ड्रमचं तोंड उघडं होतं, आणि खाली पडलेला ब्रश अजून कोणी उचलला नव्हता. त्याच्यापासून दहा पावलांवर काचेची केबिन, केबिनमध्ये कम्प्युटर, आणि त्याच टेबलावर मशीन थांबवायचं मोठं लाल बटण. केबिनच्या चाव्या तीन. एक धर्मेशकडे, एक सुपरवायझर सुजितकडे, एक ऑफिस बघणाऱ्या उन्नतीकडे.

तेजस्वी केबिनबाहेर स्टुलावर बसली होती. वय तेवीस-चोवीस, अंबरनाथची. डोळे सुजलेले. ती इथली नोकर नव्हती. बुधवारी आणि शनिवारी येऊन प्रोग्रॅम बघून जायची.

"सोमवारी, मंगळवारी?" माधवीने विचारलं.

"अंबरनाथला दुसऱ्या कारखान्यात होते. तिथे रजिस्टरमध्ये सह्या आहेत."

"घरून या कम्प्युटरमध्ये शिरता येतं?"

"नाही मॅडम. त्याला इंटरनेटच नाही. जे करायचं ते याच खुर्चीत बसून."

"मग मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांग. मशीनला काय करायचं ते कसं कळतं?"

तेजस्वीने एक छापील कागद पुढे केला. "ही सफाईची यादी. प्रत्येक ओळीत एक आज्ञा. प्रोग्रॅम सी भाषेत आहे. तो एक ओळ वाचतो, ते काम करतो, मग पुढची ओळ वाचतो. ओळीची सुरुवात चौकटीच्या खुणेने झाली, तर ती माणसांसाठी लिहिलेली नोंद. ती तो सोडून देतो."

माधवीने कागद काकांच्या मांडीवर पसरला.

DRAIN 1
FAN 1
WAIT 10
# सफाई चालू असताना कोणीही              STEAM 3 करू नये
WAIT 20
END

"पाणी सोड, पंखा लाव, दहा मिनिटं थांब," तेजस्वी बोट फिरवत म्हणाली. "मग ही नोंद, ती मशीन वाचतच नाही. मग वीस मिनिटं थांब आणि संपलं. वाफेचा वाल्व तीन नंबरचा. तो उघडायची आज्ञा या यादीत नाहीच. उलट उघडू नका असं लिहिलंय. तरी मशीन म्हणतं की त्यानं वाल्व उघडला. बरोबर चार वाजता." "रात्रभर मी हेच वाचतेय. माझंच काहीतरी चुकलंय आणि मला ते दिसत नाहीये."

"ही नोंद कुणाची?"

"माहीत नाही. गेल्या शनिवारी नव्हती. पासवर्ड सगळ्यांना ठाऊक आहे."

शरदचंद्रकाका कागद नाकाशी धरून बसले होते. "ज्यानं हे टाइप केलं तो कच्चा आहे. 'कोणीही'च्या पुढे केवढी मोकळी जागा सोडलीय. चौदा वेळा पट्टी दाबलीय. साहेबांनी माझ्या तोंडावर कागद फेकला असता."

"चौदा? नक्की?"

"चाळीस वर्षं तेच केलं मी."

माधवीने ते टिपून घ्यायला सांगितलं. मग तिने कम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. त्याच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. 'ओळ ऐंशीच्या आत ठेवा.'

"हे काय?"

"ते मीच लावलंय," तेजस्वी म्हणाली. "ओळ आणायला सी भाषेत एक तयार सोय असते. तिला आपण माप द्यायचं. मी ऐंशीचं दिलंय. ओळ त्यात मावली तर ठीक. नाही मावली तर माप भरेपर्यंतच घेते आणि उरलेलं तिथेच राहतं. पुढच्या खेपेला ते उरलेलंच नवी ओळ म्हणून येतं. सहा महिन्यांपूर्वी उन्नतीनं खूप लांब नोंद लिहिली होती, तेव्हा मशीन गोंधळलं. तिला मी बसून समजावलं आणि चिठ्ठी लावली."

"मग ही नोंद?"

"तीही मोजली मी. मोकळ्या जागा धरूनसुद्धा साठच्या आत आहे."

काकांनीही मोजली आणि मान डोलावली. साठच्या आतच होती.

"मशीन रोज काय काय झालं ते लिहून ठेवतं?"

"ठेवतं. पण कालचं बघितलंय सगळ्यांनी."

"मला सोमवारपासूनचं छापून दे. आणि एक सांग, तुझं इथलं काम अजून किती आहे?"

तेजस्वीचा चेहरा क्षणभर उजळला. "पुढच्या महिन्यात नवा प्रोग्रॅम बसवणार होते. ऑर्डर टाकली की याद्या आपोआप तयार होतील. उन्नतीला दिवसभर टाइप करत बसावं लागणार नाही. तिनंच मला इथे आणलं, कॉलेजपासूनची मैत्रीण आहे माझी." मग तिला आठवलं की आता कसला प्रोग्रॅम, आणि ती पुन्हा खाली बघू लागली.

सुजित बॉयलरपाशी भेटला. आडव्या अंगाचा, तोंडात सुपारी.

"मी पहिल्या दिवसापासून बोलत होतो," तो म्हणाला. "बारा वर्षं हाताने वाल्व फिरवले, एकाला चटका नाही लागला. आता मशीनला अक्कल आली बोलतात. घ्या अक्कल."

"प्रोग्रॅम गेला तर तुम्हाला बरंच आहे म्हणायचं."

"बरंच आहे. पण चंदू माझा माणूस आहे, मॅडम. त्याला जाळून मला काय भेटणार?"

"काल चहाची हाक तुम्ही मारलीत?"

"मी कशाला मारू? मी फाटकावर होतो. चार वाजायला पाच असताना टपरीवाल्याचा फोन आला, गॅस संपला, उशीर होईल. चहा आला चार वीसला. हे बघा." त्याने फोन पुढे केला. तीन पंचावन्नला आलेला, एक मिनिटाचा फोन खरोखर होता.

"ती मराठी नोंद तुम्ही टाकलीत?"

"मला त्यातलं काय कळतंय? मंगळवारी आलो तेव्हा दिसली. मला वाटलं शेठने टाकली असेल, चांगलंच लिहिलंय."

"सोमवारी?"

"सोमवारी मी नव्हतो. वांगणीला भाच्याची हळद होती."

तिथून परत येताना काकांनी माधवीच्या कानाशी तोंड आणलं. "हाच. खुशाल तोंडावर सांगतो की प्रोग्रॅम गेला तर बरं."

"म्हणून तर तो नसेल," एवढंच माधवी म्हणाली.

उन्नतीने केबिनमध्ये दोघांना बसवलं, पाणी दिलं, पंखा त्यांच्याकडे वळवला. नीटनेटकी, हळू बोलणारी मुलगी. टेबलावर छापलेल्या याद्यांची चळत सारखी करून ठेवलेली.

"तेजस्वीला काही होणार नाही ना मॅडम? मुद्दाम तर तिनं काही केलं नाही. मशीनच बिघडलं. पूर्वी सगळं कार्डावर हाताने लिहायचो, तेच बरं होतं."

"तू काल कुठे होतीस?"

"इथेच. पाठमोरी होते, कपाटात फाइल लावत होते."

"चहाची हाक ऐकलीस?"

"ऐकली. सुजितदादांसारखा आवाज वाटला."

"चहा आला होता?"

"आला असेल. मी रोज पावणेचारला टपरीवर फोन करते, चारला येतोच. चहा आला की सगळे काम टाकून बाहेर येतात. चंदूकाका तर पहिले."

"या आठवड्यात सुट्टी घेतलीस?"

"नाही. घरात मी एकटीच कमावती आहे, सुट्टी परवडत नाही."

"ती नोंद कुणी लिहिली?"

"खरंच माहीत नाही मॅडम." उन्नतीने याद्यांची चळत पुन्हा सारखी केली.

बाहेर तेजस्वी सोमवारपासूनचे कागद घेऊन उभी होती. माधवीने ते उभ्या उभ्याच वाचले. सोमवारी चार वाजता यंत्राने लिहिलं होतं, 'अनोळखी आज्ञा', आणि पुढे एक तुटका चौकोन, मग 'नये'. मंगळवारी चार वाजता पुन्हा 'अनोळखी आज्ञा', आणि पुढे 'AM 3 करू नये'. बुधवारी चार वाजता अनोळखी काही नव्हतं. वाल्व तीन, उघडला.

"काका, तुमचे दोन मेसेज," माधवी हळूच म्हणाली.

"कुठले?"

तिने घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. ती सुजितला बाजूला घेऊन बॉयलरमागे गेली. दोघं काहीतरी बोलले. सुजित आधी नाही म्हणाला, मग तिच्या तोंडाकडे बघून मुकाट कामाला लागला. परत आल्यावर माधवीने सगळ्यांना दोन नंबरच्या ड्रमपाशी बोलावलं.

"मशीनमध्ये काही दोष नाही, यादीतही नाही असं तुम्ही म्हणता. मग तीन पन्नासला रोजच्यासारखी सफाई सुरू करू. आत मी उभी राहते."

"तुम्ही नाही," तेजस्वी एकदम म्हणाली. "प्रोग्रॅम माझा आहे. आत मी जाते."

"अगं पोरी," सगुणाबाई उठून उभ्या राहिल्या.

माधवीने तेजस्वीकडे क्षणभर पाहिलं आणि बाजूला झाली. काकांचा विश्वासच बसेना. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाला तोंडावर वेडं म्हटलं नव्हतं. आत्ता ते म्हणणार होते, पण तोवर तेजस्वी वाकून आत गेली होती. उन्नतीला माधवीने केबिनमध्ये कम्प्युटरपाशी बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिली.

तीन पन्नास. पाणी सुटल्याचा आवाज आला, पंखा घरघरला.

एक मिनिट. दोन. धर्मेश दोन्ही फोन खिशात घालून नखं खाऊ लागला. सगुणाबाई देवाचं नाव घेत होत्या. ड्रममधून तेजस्वीच्या पायांची सावली तेवढी दिसत होती.

पाच मिनिटं. सहा. उन्नतीने याद्या सारख्या केल्या. पुन्हा केल्या. आठव्या मिनिटाला तिची नजर घड्याळावर गेली आणि तिथेच राहिली.

"तेजस्वी," नवव्या मिनिटाला ती ओरडली, "तुझा फोन आहे. आईचा. बाहेर ये लवकर."

"दे इकडे," माधवीने हात पुढे केला. "मी बोलते आईंशी."

उन्नतीच्या हातातला फोन काळाशार होता. त्यावर कुणी नव्हतं.

"मॅडम, तिला बाहेर बोलवा."

"का?"

"प्लीज बोलवा."

"मशीन तर नीट आहे, यादीत काही नाही. का बोलवू?"

उन्नतीने घड्याळाच्या काट्याकडे पाहिलं. मग तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज निघाला आणि तिने दोन्ही हातांनी लाल बटण दाबलं. पंखा थांबला. शेडमध्ये एकदम शांतता झाली.

"तीस सेकंद शिल्लक होते," माधवी म्हणाली. "आणि वाफ आलीच नसती. बॉयलरचा मुख्य वाल्व सुजितनं साडेतीनलाच बंद केलाय. तेजस्वी, बाहेर ये."

तेजस्वी बाहेर आली. तिला काही कळलं नव्हतं. काकांनी तिला स्टुलावर बसवलं आणि स्वतःही मटकन शेजारी बसले.

"आता मला सांग," ते माधवीला म्हणाले, "की हे काय होतं."

माधवीने यादीचा कागद केबिनच्या काचेवर दाबून धरला.

"वाफेची आज्ञा यादीत आहे. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. ती या इशाऱ्याच्या पोटात लपवलीय. तेजस्वी म्हणाली, माप ऐंशीचं. ओळ मोठी असेल तर मागचा तुकडा नवी ओळ म्हणून वाचला जातो. ही ओळ साठच्या आत दिसते म्हणून आपण तो विचार सोडून दिला. पण आपण मोजली ती डोळ्यांना दिसणारी अक्षरं. काका, तुमचा मराठी मेसेज छोटा असून दोनात का गेला?"

"मराठी महाग म्हणालीस तू."

"कम्प्युटरला महागच आहे. इंग्रजी अक्षराला एक जागा लागते. मराठीला?"

तेजस्वीने तोंडावर हात ठेवला. "तीन. अक्षराला तीन, काना-मात्रेला वेगळ्या तीन. शिकलेय मी हे. सगळ्या याद्या इंग्रजी अक्षरांत असतात, म्हणून डोक्यातच आलं नाही."

"तशी मोज."

तिने पेन घेतलं. "खूण एक, मोकळी जागा एक. चार शब्दांची वीस अक्षरं-मात्रा, साठ. मधल्या जागा तीन. पासष्ट. आणि त्या चौदा. एकोणऐंशी." ती थांबली. "ऐंशीतली एक जागा तुकडा कुठे संपला ते सांगणाऱ्या आतल्या खुणेला जाते. माप एकोणऐंशीलाच भरतं."

"म्हणजे पहिला तुकडा 'कोणीही' आणि मोकळ्या जागेवर संपला. त्याला चौकटीची खूण होती, मशीननं तो सोडला. दुसरा तुकडा सुरू झाला तो थेट 'STEAM 3' पासून. त्याला खूण नाही. मशीनला ती आज्ञा वाटली."

"पुढे 'करू नये' आहे की," धर्मेश म्हणाला.

"प्रोग्रॅम पहिला शब्द आणि आकडा घेतो," तेजस्वी पुटपुटली. "पुढचं बघत नाही."

"आता ही चौदाची मोकळी जागा चुकून पडलेली नाही," माधवीने उरलेले कागद समोर धरले. "सोमवारी ती सोडलीच नव्हती. तुकडा 'करू'च्या एका अक्षराच्या मधेच पडला, यंत्राला तुटका चौकोन आणि 'नये' मिळालं. मंगळवारी जागा वाढवली, पण कमी पडली. 'STE' पहिल्या तुकड्यात गेलं आणि 'AM 3' उरलं. बुधवारी आणखी तीन वाढवल्या. कुणीतरी तीन दिवस या खुर्चीत बसून ही ओळ सरकवत होतं. इंटरनेट नाही, म्हणजे केबिनमध्ये यावंच लागणार. चाव्या तिघांकडे. सुजित सोमवारी वांगणीला. शेठ मंगळवारी सुरतला. तेजस्वी दोन्ही दिवस अंबरनाथला. रोज इथे होती ती एकच."

उन्नती खुर्चीत तशीच बसून होती.

"आणि हाक. चहा आला चार वीसला, हाक आली चारला. चहा नसताना चंदूला बाहेर कोण बोलावेल? ज्याला वाफ येणार हे ठाऊक आहे तोच. चहा येणार नाही हे सुजितला पाच मिनिटं आधीच कळलं होतं, तो अशी हाक मारणार नाही. तुझा बेत चहावर बसवलेला होता, उन्नती. चारला सगळे बाहेर येतात, रिकाम्या ड्रममध्ये वाफ सुटेल, मशीन वेडं ठरेल, प्रोग्रॅम जाईल. पुन्हा कार्डं आली की तुझी खुर्ची राहील."

"पुढच्या महिन्यात मला काही कामच उरणार नव्हतं," उन्नती म्हणाली. तिचा आवाज अजूनही हळूच होता. "ती आनंदाने सांगत होती मला, तुझा त्रास वाचेल म्हणून. कुणाला लागावं असं मला नको होतं. चहा दिसेना तेव्हा मी हाक मारली ना. दोनदा मारली."

"मारलीस, म्हणून तो जिवंत आहे. पण हे बटण कालही तुझ्या हाताशीच होतं. दाबलं असतंस तर का दाबलं ते सांगावं लागलं असतं. त्यातच वेळ गेला."

उन्नती रडू लागली. तेजस्वी तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसती भीती होती, आपल्या मैत्रिणीला आपण कधी ओळखलंच नव्हतं याची.

पाचला पोलीस आले. माधवीने कागद क्रमाने लावून दिले. दाराच्या तारेची गोष्ट धर्मेशने स्वतःच सांगितली, खाली मान घालून. उन्नतीला घेऊन गेले. सगुणाबाईंनी हवालदाराला जुनी तक्रार मोठ्याने वाचायला लावली, तेजस्वीचं नाव खोडून घेतलं, आणि मगच अंगठा पुढे केला.

गर्दी पांगल्यावर शरदचंद्रकाकांनी तेजस्वीला विचारलं, "आता हे दुरुस्त करायला किती दिवस लागतील?"

"दिवस नाहीत काका. दोन ओळी लिहायच्या." तिने डोळे पुसले. "ओळ पूर्ण आली का ते बघायचं. नसेल आली तर मशीन थांबवायचं. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात. सहा महिन्यांपूर्वी घोटाळा झाला तेव्हाच लिहायला हव्या होत्या. मी चिठ्ठी चिकटवली."

"दोन ओळी?" सगुणाबाई मागे उभ्या होत्या. "त्याची पाठ पार सोलून निघाली, पोरी. पालथा झोपवलाय त्याला. दोन ओळी लिवल्या असत्या तर झाला नसता?"

तेजस्वीने सगुणाबाईंकडे बघितलं. खोटं बोलायची सोय होती, सगळ्यांनी तिला निर्दोष ठरवलं होतं.

"झालं नसतं, मावशी," ती म्हणाली.

सगुणाबाईंनी पिशवी खांद्याला अडकवली.

"चल हास्पिटलात. तो सकालपासून इचारतोय, पोरीला सोडला का म्हनून. सुटली ते मी सांगन. दोन ओळींचं त्याला तूच सांग."

सगुणाबाईंनी तिचा दंड धरला, आणि दोघी फाटकाबाहेर पडून रिक्षाला हात करू लागल्या.